कनकेश्वरची पायरी, रानाची वाट

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याच्या धक्क्याला लागते. उतरणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांना अलिबाग, नागाव, काशीद अशा किनाऱ्यांचे वेध लागलेले असतात. गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली की समुद्र कोठे दिसतो हे शोधण्यात त्यांची दृष्टी उजवीकडेच गुंतून राहते. डाव्या अंगाला मात्र दाट झाडीने झाकलेला एक लांबट डोंगर बराच वेळ सोबत करीत असतो. तो कनकेश्वर. माथ्यावर महादेवाचे पुरातन देवालय, तेथवर नेणारी दगडी पायऱ्यांची वाट आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना रान, असा हा डोंगर आहे. मुंबईकराने सकाळी निघावे, दिवसभर हिंडावे आणि दिवेलागणीच्या सुमारास परत फिरावे, इतका तो जवळ आहे.

रायगडच्या किनारपट्टीवर देवळे आणि डोंगरवाटा एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. येथील देव बहुधा उंचावर, पाण्याच्या काठी आणि झाडीत वसलेला. त्यामुळे देवाला जाण्याची वाट हीच रानाचीही वाट ठरते. गेल्या काही वर्षांत सुटीच्या दिवशी पायी भटकण्याची आवड वाढली आणि गावातला एखादा माहीतगार वाटाड्या बरोबर घेऊन अशा वाटा दिवसभर धुंडाळण्याची पद्धतही रूढ झाली. पायऱ्यांची वाट चुकणार ती कशी आणि मग वाटाड्या हवाच कशाला, असा प्रश्न नवख्याला पडतो. तो रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र पहिली दोनशे पायऱ्यांची चढण संपल्यावरच मिळू लागते.

मापगावची चढण

अलिबागहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे बारा किलोमीटरवर कनकेश्वर फाटा लागतो. तेथून आत वळले की डोंगराच्या पायथ्याचे मापगाव. भातखाचरे, वाडीतल्या नारळी-पोफळी आणि अलीकडे त्यांच्यामध्ये उगवलेले मुंबईकरांचे बंगले ओलांडून गेले की पायऱ्या सुरू होतात. त्यांची संख्या सातशेच्या वर आहे. आंग्रेकाळात, अठराव्या शतकात या पायऱ्या बांधल्या गेल्या, असे मानले जाते. पायऱ्या रुंद आहेत, पण उंचीला सारख्या नाहीत. काही ठिकाणी गुडघ्याची परीक्षा पाहणारी चढण, तर काही ठिकाणी चार पावले सपाटी. बेताने चालणाऱ्यास माथ्यावर पोहोचायला तासभर लागतो. रान पाहत, थांबत गेल्यास दोन तास हाताशी ठेवावेत.

जुन्या वाटांची एक मोठी शहाणीव म्हणजे त्यांचे टप्पे. कनकेश्वराच्या वाटेवर नागोबाचा टप्पा आहे, देवाची पायरी आहे, गायमंडी आहे, पाल्हेश्वर आहे. देवाच्या पायरीला भाविक नमस्कार करून पुढे जातात. प्रत्येक टप्प्यामागे काही ना काही कथा आहे. परंतु दम लागलेल्या माणसाला नेमके जेथे थांबावेसे वाटते तेथेच हे टप्पे कसे आले, याचा विचार केला म्हणजे वाट आखणाऱ्यांचे कौतुक वाटते. देवाच्या निमित्ताने सर्वांना थांबविले, की म्हातारे आणि पोरेसोरे मागे पडत नाहीत. आज पदभ्रमंतीच्या तुकडीत पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस ठेवतात, त्याचा हेतू याहून निराळा नाही.

चढण सरता सरता मागे वळून पाहावे. आकाश स्वच्छ असेल, तर पश्चिमेकडे समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही विरोध केला होता. बेटावरचे दीपगृह १८६७ पासूनचे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत खांदेरीचा समावेश आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटाला एवढे महत्त्व का होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा या डोंगरावरून एकदा पाहिलेले पुरते.

माथ्यावरचे दैवत

माथ्यावर पोहोचताच उकाडा ओसरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे फुटांची ही उंची फार नाही. तरी झाडीमुळे हवेत गारवा टिकतो. देवालय काळ्या पाषाणाचे आहे. कनकासुर नावाच्या असुराने शंकराशी युद्ध केले, त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन शंकराने वर मागावयास सांगितले, आणि आपण येथेच राहावे असे त्याने मागितले, अशी स्थानकथा आहे. देवाचे नाव असुरावरून पडले, ही त्यातली गंमत.

देवळाशेजारी पायऱ्या उतरत गेलेली पुष्करणी आहे. जवळच ब्रह्मकुंड आहे आणि थोड्या अंतरावर श्रीराम सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला येथे गर्दी लोटते. ज्याला रान पाहावयाचे आहे त्याने हे दिवस टाळावेत, ज्याला माणसे पाहावयाची आहेत त्याने साधावेत.

इतक्या उंचावर, समुद्र डोळ्यांसमोर असताना, गोडे पाणी राहते कसे? कोकणचे डोंगर लाव्हारसाच्या थरांचे बनले आहेत. कठीण पाषाणाच्या दोन थरांमध्ये मऊ, सच्छिद्र थर असतात आणि फटींतून मुरलेले पाणी त्यांत साठून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पण पाणी मुरण्यासाठी ते आधी डोंगरावर थांबले पाहिजे. ते थांबविण्याचे काम झाडे, त्यांची मुळे आणि पालापाचोळ्याची गादी करते. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस तासाभरात ओढ्यात आणि तेथून खाडीत जातो. म्हणजे वरचे कुंड आणि पायथ्याच्या विहिरी यांचे भवितव्य वाटेच्या दोन्ही बाजूंच्या रानावर अवलंबून आहे. देवाच्या रानातली काठी तोडू नये, हा जुना दंडक अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी मे महिन्यात पायथ्याच्या एखाद्या विहिरीत डोकावून पाहावे.

हा दंडक किती दूरदर्शी होता याची साक्ष याच जिल्ह्यात सापडते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. त्याच सुमारास श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या रहिवाशांनी आपली देवराई तोडीपासून वाचवावी म्हणून गाडगीळांकडे धाव घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते. राई गेली तर तिच्यातून येणारा ओढा आटेल. देव कोपेल ही भीती त्या म्हणण्यात असेलही, परंतु हिशेब पाण्याचा होता.

वाटाड्याला दिसणारे रान

आता वाटाड्याचे काम काय ते कळू लागते. पायऱ्यांवरून चालणाऱ्या शहरी माणसाला झाडी दिसते. वाटाड्याला त्यात ऐन दिसतो, किंजळ दिसते, बेहडा, जांभूळ, उंबर दिसतात. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची साल ऐनाची, हे त्याने एकदा दाखविले की पुन्हा विसरता येत नाही. माघ-फाल्गुनात निष्पर्ण काटेसावरीवर आणि पांगाऱ्यावर लाल फुले येतात. तेव्हा झाडाखाली दहा मिनिटे गप्प बसले, तर बुलबुल, साळुंक्या, हळद्या आणि वानरे अशी सगळी जत्रा आपोआप भरते. तांबटाची टुक-टुक दुपारभर चालू असते. वाटेवर पडलेला साळिंदराचा काटा, बियांनी भरलेली उदमांजराची विष्ठा, तांबड्या मुंग्यांनी पाने शिवून केलेली घरटी, यांतले काहीही पायऱ्यांवरच्या फलकांवर लिहिलेले नसते.

रायगडच्या डोंगरांत हे ज्ञान सर्वाधिक आहे ते कातकरी आणि ठाकर या आदिवासी समाजांकडे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी, अशी त्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. ब्रिटिश अमदानीत १८७८ चा वनकायदा आला, जंगले राखीव झाली आणि हा धंदा त्यांच्या हातून सुटत गेला. आज वीटभट्टी, कोळसाभट्टी आणि शेतमजुरी यांच्या मागे वर्षातील कित्येक महिने गाव सोडून राहणारा हा समाज केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. एरवी शहरी माणसाची त्यांच्याशी गाठ पडते ती अलिबागच्या रस्त्यावर करवंदे, जांभळे किंवा पावसाच्या तोंडावर शेवळे घेऊन बसलेल्या बायकांच्या रूपाने. शेवळाची भाजी घशाला खाजते; ती खाजू नये म्हणून तीत रानातली आंबट काकडे घालतात. शेवळांच्या जुडीबरोबर काकडे मागून घेण्याचे भान ज्या गिऱ्हाइकाला आहे, त्याच्याशी त्या बायका दोन शब्द अधिक बोलतात.

असा एखादा माणूस दिवसभराच्या भटकंतीत वाटाड्या म्हणून बरोबर आला आणि त्याला त्याचा योग्य मोबदला मिळाला, तर रान उभे राहण्यात त्याचा रोजचा फायदा असतो. वणव्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात, धूर दिसताच धावून जाणारा पहिला माणूस तोच असतो. पदभ्रमंतीच्या आयोजकांनी मुंबईहून आणलेला गटप्रमुख कितीही कुशल असला तरी त्याची जागा घेऊ शकत नाही. सहभागींकडून घेतलेल्या शुल्कातला किती वाटा गावात राहतो, हा प्रश्न नाव नोंदविण्यापूर्वी विचारायला हरकत नसावी.

रान कोणाचे, हा वाद या जिल्ह्याला नवा नाही. कनकेश्वराच्या ईशान्येस, धरमतरच्या खाडीपलीकडे उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव आहे. महागणपतीच्या देवळासाठी ते प्रसिद्ध आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील आणि आसपासच्या गावांतील शेतकरी, आगरी, कोळी, आदिवासी मिळून कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानात शिरले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतला तो जंगल सत्याग्रह होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. नाग्या महादू कातकरी हा त्यांतलाच एक. गोळीबारात मामलेदारही मारला गेला. सरपण, गवत आणि गुरांची चराई यांसाठी ज्यांनी जीव दिला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आज त्याच रानाच्या वाटा दाखवून चार पैसे मिळू शकतात. ते मिळतात की नाहीत, हे बव्हंशी शहरातून येणाऱ्यांच्या हाती आहे.

कामाकुराशी नाते

देवळे जोडणाऱ्या रानवाटांची ही कल्पना जगात इतरत्र कशी जपली आहे, हे पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये तोक्योपासून रेल्वेने तासाभरावर कामाकुरा हे समुद्रकाठचे जुने राजधानीचे शहर आहे. मुंबईपासून मांडवा तेवढेच. तीन बाजूंना झाडीचे डोंगर, चौथ्या बाजूला समुद्र. या डोंगरांच्या कुशीत झेन पंथाचे मोठे मठ आहेत. केंचोजी १२५३ मध्ये स्थापन झाला, एंगाकुजी १२८२ मध्ये. केंचोजीच्या मागच्या पायऱ्या चढून गेले की तेनएन नावाची डोंगरवाट लागते आणि ती झुइसेनजी या दुसऱ्या झेन मठापाशी उतरते. दुसरी एक वाट जोचिजी या मठाजवळून निघून प्रसिद्ध ब्राँझच्या बुद्धमूर्तीपाशी पोहोचते. सुमारे ११ मीटर उंचीची ही मूर्ती झेन पंथाची नसून अमिताभ बुद्धाच्या उपासकांची आहे. वाटा मात्र पंथभेद पाळत नाहीत. सकाळी मठात ध्यान, दुपारी रानातून चाल आणि संध्याकाळी समुद्र, असा दिवस तेथे वाटाड्यासह घालविता येतो.

तेथेही सारे सुरळीत आहे असे नव्हे. सप्टेंबर २०१९ च्या चक्रीवादळात झाडे कोसळून कामाकुराच्या डोंगरवाटा बंद कराव्या लागल्या होत्या. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या. बागायतदाराचे नुकसान मोजले जाते, त्याचा पंचनामा होतो. रानातल्या पडलेल्या झाडाचा आणि बुजलेल्या वाटेचा पंचनामा कोणी करीत नाही. बुजलेली वाट मोकळी होते ती माणसे पुन्हा चालू लागली तरच.

झेन हा शब्द मुळात आपलाच आहे, हे येथे सांगितले पाहिजे. संस्कृतातील ध्यान हा शब्द चीनमध्ये जाऊन चान झाला आणि जपानमध्ये झेन. रायगडच्या किनाऱ्यावर झेन मठ नाहीत, परंतु ध्यानासाठी डोंगर पोखरून राहणाऱ्या भिक्षूंची वस्ती येथे दोन हजार वर्षांपूर्वी होती. तळा तालुक्यात मांदाडच्या खाडीवर, कुडे गावाजवळ डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत. माणगावहून तेथे जाता येते. चढण किरकोळ, परिसर झाडीचा, समोर खाडीचे पाणी. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागातील हत्ती आणि नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्ती पाहण्यासारख्या आहेत. त्याहूनही बोलकी आहेत ती ब्राह्मी लिपीतील दानलेखांची अक्षरे. या भागावर सत्ता असलेल्या महाभोजांची नावे त्यांत येतात. पण देणगीदारांत वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारीही आहे. व्यापारी मार्गावरच्या घाटात आणि खाडीच्या मुखाशी असलेल्या अशा विहारांना प्रवाशांच्या दानाचा आधार होता. वाट, विसावा आणि उपासना यांची सांगड तेव्हापासूनची आहे.

आणखी काही वाटा

कनकेश्वराची वाट नवख्यांसाठी उत्तम. पायांना सवय असलेल्यांनी सिद्धेश्वर-सागरगडाकडे वळावे. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावातून वाट निघते. पावसाळ्यात डावी-उजवीकडे पाण्याचा आवाज सोबतीला असतो. सिद्धेश्वराचे देऊळ झाडीत विसावलेले आहे. तेथून चढून सागरमाचीची वस्ती आणि तिच्यापुढे मोकळ्या पठारावर सागरगड. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत त्याचे नाव आहे. टोकाशी वानरटोक नावाचा सुळका आहे आणि त्याच्या मागे सारा अलिबागचा किनारा पसरलेला दिसतो. कड्याच्या अगदी काठाला जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह येथे आवरावा. पठारावर वाटांचे फाटे फार असल्याने वाटाड्या येथे खरोखरीच लागतो. धुक्यात तर माहीतगारांचीही फसगत होते.

चौलला एका दिवसात पाहण्यासारखे बरेच आहे. ग्रीक-रोमन प्रवासवर्णनांत ज्याचे नाव आढळते ते हे प्राचीन बंदर. भोवाळे येथील टेकडीवर पायऱ्या चढून दत्तमंदिर आहे. दत्तजयंतीला तेथे पाच दिवसांची यात्रा भरते. जवळच्या डोंगरात हिंगलाज देवीचे स्थान आणि बौद्ध लेणी एकत्र नांदतात. खाली नारळी-पोफळीच्या सावलीत रामेश्वराचे देवालय आणि त्याची पुष्करणी आहे.

ज्याला देवापेक्षा रानाचीच ओढ अधिक, त्याने मुरूड-रोहा यांच्या दरम्यानचे फणसाड अभयारण्य गाठावे. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे राखीव रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. येथे शेकरू दिसते, आणि झाडांना विळखे घालत दूरवर पसरणारी, हातभर लांब शेंगांची गारंबीची महावेल दिसते. जंगलातल्या पाणवठ्यांना येथे गाण म्हणतात. उन्हाळ्यात सारे प्राणिजीवन या गाणांच्या भोवती एकवटते. अभयारण्य असल्याने येथे वनखात्याची परवानगी आणि नियम पाळणे बंधनकारक आहे.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला हरिहरेश्वर आहे. देवळामागच्या टेकडीवरून खडकांच्या घळीतून पायऱ्या उतरून थेट समुद्रालगत जाणारा प्रदक्षिणामार्ग हा या किनाऱ्यावरचा सर्वांत विलक्षण मार्ग म्हणावा लागेल. लाटांनी कोरलेल्या खडकांवर नाना आकृती उमटल्या आहेत. मात्र भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात तो जीवघेणा ठरतो. लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना येथे घडलेल्या आहेत. भरती-ओहोटीची वेळ देवळात किंवा गावात विचारल्याशिवाय त्या वाटेला लागू नये.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या वाटांसाठी उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत शेतात पोपटीचा खमंग वास येतो. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून ते जाळात भाजण्याचा हा अलिबागकरांचा हिवाळी सोहळा. मार्चनंतर पहाटे साडेसहाच्या आत चढावयास लागावे, दहानंतर दमट उकाडा असह्य होतो. अलिबागला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा रान सर्वांत देखणे असते, पायऱ्यांवर शेवाळही सर्वांत अधिक असते.

पावसाळ्यातली बेफिकिरी या जिल्ह्याला महागात पडली आहे. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना दरीत कोसळून एका तरुणीचा मृत्यू झाला. धोका केवळ पाहुण्यांना असतो असेही नाही. इर्शाळगडाच्या पायवाटेवरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. गड पाहावयास येणाऱ्यांना वाट दाखविणारी, घरी चहा-भाकरी देणारी माणसे त्यांत होती. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी वाटाड्या नको म्हणाला, तर त्याचे ऐकावे. त्या डोंगराखाली तो रोज झोपतो.

साहसी पर्यटनाच्या उपक्रमांसाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये सुरक्षाविषयक सूचना आणि २०२१ मध्ये धोरण जाहीर केले. आयोजकाकडे नोंदणी, प्रथमोपचाराची व्यवस्था आणि सहभागींच्या संख्येला पुरेसे मार्गदर्शक आहेत की नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. बरोबर दोन लिटर पाणी, सुका खाऊ, टोपी आणि पकड असलेले बूट एवढे पुरते. कनकेश्वरावर साधे खाणे मिळते, पण सण नसलेल्या दिवशी त्यावर विसंबू नये. हातात प्रसादाची पिशवी उघडी धरू नये, वानरे ती हिसकावतात. त्यांना खाऊ घालण्याची हौसही टाळावी. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेले वानर पुढच्या भाविकाला चावते.

डोंगरावर मोटार नेता यावी, अशी मागणी कोणत्याही उंचावरच्या देवस्थानाबाबत अधूनमधून होतच असते. वृद्धांची सोय हे तिच्यामागचे कारण खोटे नाही. परंतु रस्ता झाला की त्याबरोबर येणारी दुकाने, वाहनतळ आणि कचरा कोठे मावणार, याचा हिशेब आधी झाला पाहिजे. पायऱ्या आहेत तोवर वर नेलेली प्रत्येक बाटली कोणाच्या तरी पाठीवरून जाते आणि म्हणून निदान तिची संख्या मर्यादित राहते. ती रिकामी झाल्यावर त्याच पाठीवरून खाली यावी, एवढे पाळता येण्यासारखे आहे.

परतीच्या वाटेवर, हंगाम असेल तर, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या गोडसर कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एक माळ घ्यावी, वेळ मात्र फार दवडू नये. मांडव्याहून गेटवेला जाणारी शेवटची लाँच संध्याकाळीच सुटते. जून ते ऑगस्टमध्ये गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्याहून २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट किंवा पेण-वडखळमार्गे एसटी हे पर्याय उरतात. बोटीचे वेळापत्रक भरती आणि हवामानानुसार बदलते, म्हणून सकाळी धक्क्यावर उतरतानाच परतीची वेळ विचारून ठेवावी.